‘रानटी’ असा शिक्का बसलेलं पिल्लू

पत्र: मी एका शेल्टरमध्ये आठवड्यातून तीन दिवस मदतीला जाते. तीन आठवड्यांपूर्वी रस्त्यावरून पकडून आणलेली एक काळी-पांढरी भाटी तिथे आहे, साधारण साडेतीन महिन्यांची. कुणी जवळ गेलं की ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, लिटरच्या (शौचासाठीच्या वाळूच्या) ट्रेमध्ये जाऊन बसते, कान पाडते आणि फिस्कारते. सगळे तिला ‘फिस्की’च म्हणतात. गेल्या आठवड्यात साफसफाई करताना तिने माझ्या हाताला बोचकारलं, रक्त आलं. आता कार्डावर ‘रानटी, हात लावू नये’ असं लिहिलंय. तिच्यानंतर आलेली पिल्लं घरी गेली, हिच्यासमोर कुणी थांबतही नाही. दोन जणांनी मात्र विचारलंय. एक हौशी कुटुंब आहे, दोन लहान मुलं आणि एक कुत्रा. दुसऱ्या एकट्या राहणाऱ्या साठीतल्या बाई आहेत, त्यांच्याकडे सात वर्षांचा बोका आहे. महिन्याभरात फरक पडला नाही तर तिला परत बाहेर सोडू, असं शेल्टरचं म्हणणं आहे. तिला माणसाळवून घर मिळवून द्यायला मी काय करू?

उत्तर: मांजरीआधी तुमच्या हाताबद्दल. रक्त आलं असं लिहिलंय, पण डॉक्टरकडे गेल्याचा उल्लेख नाही. रस्त्यावरच्या, लस न टोचलेल्या मांजरीने चावलं किंवा रक्त निघेल असं बोचकारलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजच्या लशीचा निर्णय तिथे होतो. आठवडा उलटला असला तरी आज जा. त्या घटनेनंतर मांजर १० दिवस ठणठणीत राहिली का, ही माहिती डॉक्टरांना उपयोगी पडते, पण ते १० दिवस संपायची वाट बघत घरी बसायचं नसतं. शेल्टरच्या नोंदवहीतही तारीख टाकून ठेवा.

आता भाटी. तिला आधी माणसाळवायचं आणि मग घर शोधायचं, असा क्रम तुम्ही धरलाय. तो सोडा. शेल्टरच्या पिंजऱ्यात ती माणसाळण्याची आशा कमी आहे, कारण घाबरलेल्या मांजराला जे जे नको असतं ते सगळं तिथे एकत्र आहे. तिला एखाद्या शांत घरातल्या एका खोलीत तात्पुरतं हलवा, आणि ती आज जशी आहे तशीच सांगून कायमचं घर शोधायला लगेच सुरुवात करा. दोन्ही कामं बरोबरीने चालू शकतात. धीट, मांडीवर उडी मारणारी मांजर हवी असणारे बरेच असतात. भित्री चालेल असं म्हणणारे थोडे असतात, पण असतात, आणि पिंजऱ्यावरचं ‘हात लावू नये’ वाचून ते आपणहून पुढे येणार नाहीत.

घाबरलेलं मांजर पहिल्यांदा पळतं. पळता आलं नाही तर लपतं. लपायलाही जागा नसेल तर अंग चोरून निपचित बसतं, आणि तरीही कुणी जवळ येत राहिलं तर फिस्कारतं, पंजा मारतं. पिंजऱ्याने पळणं काढून घेतलं, रिकाम्या पिंजऱ्याने लपणं. लिटरच्या ट्रेमध्ये बसणं ही तिची खोड नाही. तीन बाजूंनी कड असलेली दुसरी जागाच तिला मिळालेली नाही. फिस्कारण्याचा अर्थ ‘लांब राहा’ एवढाच. हल्ला करायचा असता तर तिने आधी इशारा दिला नसता. तुम्हाला बोचकारलं तेव्हाही हात आत, कोपरा मागे, अशी तिची कोंडी झाली होती.

तेव्हा शेल्टरमध्ये असेपर्यंतची पहिली दुरुस्ती म्हणजे एक खोकं. साधारण ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच असं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूला १५ ते १८ सेंटिमीटरचं भोक पाडा, आत टॉवेल घाला. तोंड थेट दाराकडे नको, बाजूच्या भिंतीकडे वळवा. पिंजऱ्याचा पुढचा अर्धा भाग चादरीने झाका. लिटर एका टोकाला आणि खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा, कारण शौचाच्या जागेजवळ मांजरं नीट खात नाहीत. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांवर हेच तपासलं होतं. लपायला खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण इतरांपेक्षा लवकर उतरला. ‘खोक्यात बसली तर लोकांना दिसणार कशी?’ ही हरकत हमखास येईल. खोकं नसताना ती दिसतेच आहे, कान पाडलेली आणि फिस्कारणारी. त्याने काय साधलं?

पिंजरा खालच्या रांगेत असेल तर वरच्या रांगेत हलवायला सांगा. वरून वाकून बघणारा माणूस मांजराला फार मोठा वाटतो. कुत्र्यांच्या भुंकण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूरचा पिंजरा मिळाला तर उत्तमच. रोज सगळं बाहेर काढून जंतुनाशकाने पुसण्याऐवजी घाण झालेला भागच साफ करा, आणि टॉवेल फारच घाण झाल्याशिवाय बदलू नका. त्याला तिचा वास लागलेला असतो आणि तेवढीच एक ओळखीची गोष्ट तिच्याजवळ आहे. पोट बिघडलं असेल किंवा संसर्गाची शंका असेल तर मात्र पूर्ण सफाईला पर्याय नाही.

ती खरंच रानटी आहे की भेदरलेली, हे लोक उभे असताना कळत नाही. शेल्टर बंद झाल्यावरचा एखादा तास मोबाईलवर चित्रित करा. माणसं गेल्यावर ती पुढे येते का, अंग चाटून साफ करते का, आत टाकलेल्या चेंडूला पंजा लावते का, शेपूट वर करून फिरते का, शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरांशी बोलते का, हे बघायचं. यातलं थोडं जरी दिसलं तरी कार्डावरचा तो शब्द खोडायला तुमच्याकडे पुरावा आहे. शिवाय हेच चित्रण पुढे जाहिरातीसाठी लागणार आहे.

वय नक्की करून घ्या, कारण पुढचा सगळा अंदाज त्यावर उभा आहे. पुढचे वरचे दुधाचे दात साधारण साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास पडून पक्के येऊ लागतात, सुळे त्यानंतर. सहा-सात महिन्यांत सगळे पक्के दात आलेले असतात. वजनाचा ढोबळ हिशेब म्हणजे पहिले काही महिने दर महिन्याला सुमारे ४५० ग्रॅम. साडेतीन महिन्यांचं पिल्लू दीड किलोच्या आसपास भरतं, पण रस्त्यावर उपासमार झालेलं पिल्लू वयाच्या मानाने हलकं निघतं. म्हणून दातांवर जास्त विश्वास ठेवा.

माणसाची सवय सहजपणे लागण्याचा काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. तो हिच्या बाबतीत निघून गेलाय. त्याचा अर्थ दार बंद झालं असा नाही, वेग मंदावला असा आहे. आठ आठवड्यांच्या फिस्काऱ्या पिल्लाला आठवडा-दोन आठवडे पुरतात. साडेतीन-चार महिन्यांच्या पिल्लाला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. शेल्टरने दिलेली एका महिन्याची मुदत म्हणूनच फार तुटपुंजी आहे, आणि त्यातले आठवडे पिंजऱ्यात गेले तर ती मोजण्यातही अर्थ नाही. स्वभावाचा थोडा भाग तर बापाकडून येतो. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनमिळाऊ बोक्यांची पिल्लं नव्या वस्तूंना आणि माणसांना अधिक धीटपणे सामोरी गेली, लहानपणी हाताळलेली पिल्लं माणसांशी अधिक मोकळी वागली. रस्त्यावरच्या पिल्लाचा बाप कोण हे कळणार नाही. एकाच वयाची दोन पिल्लं वेगवेगळ्या गतीने का सुधारतात, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. तुमचं काही चुकतंय असं दरवेळी समजू नका.

हलवण्याआधी पशुवैद्याची पूर्ण तपासणी हवी, कारण दुखणारं मांजरही फिस्कारतं. कॅलिसीव्हायरसमुळे जिभेवर फोड येतात, कानातल्या किड्यांमुळे डोक्याला हात लावू देत नाहीत, शेपटीच्या बुडाशी जुनी जखम असू शकते. जागेपणी ती हे काही बघू देणार नाही. म्हणून नसबंदीसाठी भूल दिली जाईल तेव्हाच तोंड, कान, त्वचा बघून घ्यायची, मांजरांच्या ल्युकेमियाच्या आणि एफआयव्हीच्या (प्रतिकारशक्ती दुबळी करणाऱ्या दोन विषाणूंच्या) तपासणीसाठी रक्त काढायचं, मायक्रोचिप बसवायची, नखांची टोकं कापायची. नसबंदीला ती लहान नाही. अनुभवी पशुवैद्य याहून लहान पिल्लांचीही करतात. विषाणूंची एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी, वय १६ ते २० आठवडे होईपर्यंत. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. जंतनाशक आणि पिसवांचं औषध वजनावरून. कुत्र्यांचं पिसवांचं औषध ‘थोडंसंच’ म्हणून लावू नका. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजर मरू शकतं. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन दिवस तिला माणसाळवायचा कुठलाही प्रयत्न नको. पोट दुखत असताना जवळ आलेला माणूस दुखण्याशी जोडला जातो.

तात्पुरत्या घरात मांजर आधीच असेल तर पहिले १४ दिवस पूर्ण वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं लिटर. शेल्टरमधून येताना मांजरांचा फ्लू आणि गजकर्ण बऱ्याचदा सोबत येतात. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार क्वचित येतो, पण आला तर पिल्लांचा जीव घेतो.

खोली जितकी लहान तितकी बरी. बाथरूमसुद्धा चालतं. मोठ्या बेडरूममध्ये सोडलेलं भित्रं पिल्लू पलंगाखाली जातं आणि महिनाभर तिथेच राहतं, मग काठीने हुसकावणं सुरू होतं आणि सगळं मुसळ केरात. पलंग असेल तर त्याच्या खालची जागा खोक्यांनी पूर्ण बुजवा. कपाटामागच्या, वॉशिंग मशीनखालच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या फटीतही ती शिरेल. फटी आधी बंद करा, खिडक्यांना घट्ट जाळी लावा, कमोडचं झाकण खाली ठेवा. लपण्याच्या जागा तुम्ही द्यायच्या. शेल्टरमधलं तेच खोकं तोच टॉवेल घालून आणायचं, आणि एक जागा उंचावर, स्टुलावर ठेवलेल्या खोक्यासारखी. तुमचा हात पोचेल पण तिला कोंडल्यासारखं वाटणार नाही, अशा या जागा हव्यात.

पहिले दोन दिवस फक्त खाणं-पाणी, लिटर आणि येताजाता चार शब्द बोलणं. काही मांजरं पहिल्या रात्री खात नाहीत, ते चालतं. या वयाच्या पिल्लाने २४ तास तोंडात काहीच घातलं नाही तर मात्र पशुवैद्याला फोन करा. दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोकं ठेवून त्यात खाणं ठेवलं की ती आपणहून चढते, पकडावं लागत नाही. आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी.

तिसऱ्या दिवसापासून खाणं हेच तुमचं एकमेव हत्यार. या वयाच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. त्यातली तीन खाणी ओल्या खाण्याची, तुम्ही खोलीत असताना. रात्री थोडं कोरडं खाणं तिच्या एकटीसाठी. दिवसभर वाटी भरलेली राहिली तर तुम्ही येण्याची तिला गरजच उरत नाही, म्हणून तिच्याजवळ बसायच्या वेळेआधी तीन-चार तास वाटी उचलायची. याहून जास्त उपाशी ठेवायचं नाही. भुकेने वळवलेलं मांजर माणसाळत नाही, ते फक्त अन्नासाठी धोका पत्करतं आणि खाऊन झालं की पुन्हा पळतं.

जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. वाटी अशा अंतरावर ठेवा की तुम्ही असताना ती खाईल. हे अंतर दोन मीटर असेल तर दोन मीटर. रोज हातभर नाही, वीतभर पुढे सरका. ज्या दिवशी ती खायची थांबते त्या दिवशी कालच्या जागी परत जा, आणि तिथे आणखी दोन दिवस काढा. तुमच्या पायाशी बसून निवांत खाऊ लागली की पातळ केलेलं ओलं खाणं लांब दांड्याच्या चमच्यावर द्या. चमचा चाटू लागली की दर एक-दोन दिवसांनी तो थोडा पुढे, खाण्याच्या टोकाजवळ धरा. हळूहळू ती तुमच्या बोटांपासून चार अंगुळं दूर खाताना दिसेल. मग बोटाच्या टोकावर. बाजारातलं लहान बाळांचं मांसाचं खाणं वापरणार असाल तर त्यात कांदा-लसूण नाही याची खात्री करा, दोन्ही मांजरांना विषारी आहेत. दूध नको, त्याने पोट बिघडतं.

पहिला स्पर्श खाता खाता, आणि वरून कधीच नाही. डोक्यावर येणारा हात म्हणजे झडप. बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा, तिने हुंगून गाल घासला तर गालावर आणि हनुवटीखाली दोन सेकंद खाजवा, आणि तिला अजून हवं असतानाच हात काढून घ्या. हा शेवटचा भाग लोकांना जमत नाही. एकदा हात लावू दिला की आनंदाच्या भरात पाठ, पोट, शेपूट सगळीकडे हात फिरतो आणि दुसऱ्या दिवशी ती खोक्यात. तिच्याजवळची ही बैठक एका वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आठवड्यातून तीन दिवसांच्या तुमच्या फेऱ्यांनी हे होणार नाही, म्हणूनच त्या घरात रोज राहणारं माणूस लागतं.

दीड मीटरची, टोकाला पिसं किंवा दोरी असलेली काठी खेळायला आणा. खेळताना भीती मागे पडते आणि अंतर आपोआप कमी होतं. हाताने, बोटांनी खेळवू नका. आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी तो चावा होतो. डोळ्यांत रोखून बघू नका, पापण्या सावकाश मिटा आणि उघडा. हे ऐकीव वाटतं, पण ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली तपासलं तेव्हा असं सावकाश डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजरं जास्त वेळा आली.

टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून ठेवायची पद्धत तुम्ही नक्की ऐकाल. दोन महिन्यांच्या पिल्लांवर ती चालते. साडेतीन महिन्यांच्या भाटीवर आम्ही ती सुचवणार नाही. या वयात ती सुटून जाण्याइतकी ताकदवान आहे आणि झालेला प्रसंग विसरत नाही. जाड हातमोजे तर अजिबात नकोत. तुम्हाला बोटांखालचं काही जाणवत नाही, आणि तिला हात नावाचं एक मोठं, वेगळ्या वासाचं जनावर दिसतं. मानेला पकडून उचलणंही याच यादीत. पकडायची वेळ आलीच तर ती खोक्यात असताना भोकावर पुठ्ठा लावून खोक्यासकट उचला.

फॉस्टरच्या, म्हणजे तात्पुरत्या घरात एखादं माणसांत रुळलेलं, मांजरांशी पटणारं मांजर असेल तर विलगीकरण संपल्यावर त्याची फार मदत होते. ते तुमच्या मांडीवर बसून खातं, आणि ही बघते. रस्त्यावरची पिल्लं माणसांना बिचकत असली तरी मांजरांशी बहुतेक वेळा चांगली वागतात. तुमच्या बाईंच्या बोक्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

म्हणजे दोन घरांपैकी आमचं मत बाईंच्या बाजूने आहे. कुटुंब प्रेमळ आहे हे खरं, पण लहान मुलांचं प्रेम धावत येतं, ओरडत येतं आणि पलंगाखाली हात घालतं. कुत्रा कितीही शांत असला तरी हिच्यासाठी तो आणखी एक पिंजरा. त्यांना नाही म्हणताना दोष त्यांच्यात आहे असं वाटू देऊ नका. त्याच शेल्टरमधलं एखादं धीट पिल्लू, शक्य तर भावंडांची जोडी, त्यांना दाखवा.

बाईंना मात्र विचारायचं ते नीट विचारा. बोक्याची नसबंदी झालीय का, लशी चालू आहेत का, त्याची एफआयव्ही आणि ल्युकेमियाची तपासणी झालीय का? तो याआधी दुसऱ्या मांजराबरोबर राहिलाय का, आणि दारात परकं मांजर दिसलं तर काय करतो? सात वर्षं एकटा राहिलेला, खिडकीतून मांजर दिसलं तरी फुलणारा बोका असेल तर हा सगळा बेत पुन्हा तपासायला हवा. एक खोली तीन-चार आठवडे बंद ठेवता येईल का? बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी आहे का? मांजर १५ वर्षं किंवा त्याहून जास्त जगतं, तेव्हा आजारपणात किंवा पुढे तिला कोण सांभाळेल? हा प्रश्न वयावरून टोचेल म्हणून टाळू नका, सगळ्यांनाच विचारा. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: सहा महिन्यांनीही ती मांडीवर आली नाही, फक्त त्याच खोलीत लांब बसून राहिली, तर चालेल का? ‘प्रेमाने सगळं होतं’ असं उत्तर आलं तर थोडं थांबा. ‘हो, बोक्याला सोबत झाली तरी पुरे’ हे उत्तर आम्हाला जास्त आवडेल.

बाईंचं जमलं नाही तर जाहिरात लागेल. नाव आधी बदला. ‘फिस्की’ हे नाव ऐकणारा आधीच हात मागे घेतो. फोटो तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश बंद करून, खोक्यातून तोंड बाहेर काढलेला. सोबत खेळतानाचं ३०-४० सेकंदांचं चित्रण. मजकुरात ती कशी आहे यावर मत देण्यापेक्षा ती काय करते ते लिहा. ‘लाजाळू’, ‘प्रेमाची भुकेली’ असल्या शब्दांनी चुकीची माणसं येतात. असं काहीतरी चालेल:

‘काळी-पांढरी भाटी, वय सुमारे चार महिने, नसबंदी आणि वयानुसार लसीकरण झालेलं. रस्त्यावर वाढली, माणसांना अजून घाबरते. अनोळखी माणूस दिसला की खोक्यात जाते, जवळ गेलं तर फिस्कारते. खोलीत कुणी शांत बसलेलं असेल तर जेवते, काठीच्या खेळण्याशी खेळते. लिटर व्यवस्थित वापरते. दुसऱ्या मांजराची सोबत असलेलं, लहान मुलं आणि कुत्रा नसलेलं शांत घर हवं. पहिला महिना एका खोलीत ठेवावं लागेल. उचलून घेऊ देईल याची खात्री नाही. पहिले तीन महिने आम्ही फोनवर सोबत आहोत, आणि जमलं नाही तर ती आमच्याकडे परत येईल.’

यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या दिवशी खरं असलं पाहिजे. ‘जेवते’ लिहायचं तर तुम्ही ते पाहिलेलं असावं. फोन कमी येतील, पण आलेले बहुतेक कामाचे असतील. बघायला येणाऱ्यांना थेट खोलीत नेऊ नका, आधी चित्रण दाखवा. मग एका वेळी एकच जण आत, जमिनीवर बसून, हातात खेळण्याची काठी.

घर ठरल्यावर हलवण्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. वरून उघडणारा कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) खोलीत उघडा ठेवून त्यात रोज एक खाणं द्या. निघताना कॅरिअर टॉवेलने झाका. खोकं, न धुतलेला टॉवेल, तेच लिटर, तेच खाणं सोबत द्या. बाहेरचं दार बंद झाल्यावरच कॅरिअर उघडायचा. भित्री मांजरं निसटतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत आणि बहुधा दारातून. निसटलीच तर ती लांब जात नाही, इमारतीच्या आसपास गाडीखाली किंवा जिन्याखाली गोठून बसते. हाका मारत शोधण्यापेक्षा रात्री शांततेत खाणं आणि मांजर पकडायचा सापळा ठेवणं जास्त उपयोगी.

नव्या घरी ती आठवडा-दोन आठवडे पूर्वीसारखीच वागेल. चमच्यावर खाणारी भाटी पुन्हा खोक्यात बसेल, फिस्कारेल. हे बाईंना आधीच, लेखी सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी ‘तुम्ही फसवलंत’ म्हणून फोन येतो. दुसऱ्या वेळी प्रगती पहिल्यापेक्षा लवकर होते. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी तुम्ही फोन करा. प्रश्न ‘कशी आहे?’ असा नको. खाल्लं का, लिटरमध्ये काय दिसतंय, दिवसा कुठे बसते, हे विचारा. बोक्याशी ओळख बंद दाराआडून सुरू होते. एकमेकांचे टॉवेल बदलायचे, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग दार बोटभर उघडं, मग जाळीचं फाटक. समोरासमोर आणायची घाई दोन आठवड्यांच्या आत नको.

राहिला ‘परत सोडू’चा विषय. शेल्टरकडून महिन्याऐवजी फॉस्टरमधले आठ ते दहा आठवडे मागून घ्या. पिंजरा मोकळा होतोय, त्यामुळे हे मागणं त्यांना जड नाही. त्या काळानंतरही ती माणूस खोलीत असताना खात नसेल, दिवसभर दडून बसत असेल, तर तिला घरात कोंडून ठेवणं हाच तिचा छळ ठरेल. तेव्हाही रस्ता नेईल तिथे सोडायचं नाही. नसबंदी, लस आणि कानाच्या टोकाची खूण (नसबंदी झाल्याचं लांबून कळावं म्हणून कापलेलं टोक) झालेली असावी, आणि जिथून पकडली तीच जागा असावी, तिथे रोज खायला घालणारं कुणी असेल तरच. नवीन जागी, म्हणजे एखाद्या गोदामात, शेतावर किंवा रोपवाटिकेत ठेवायचं असेल तर आधी तिथेच मोठ्या पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत तीन-चार आठवडे ठेवावं लागतं. नाहीतर सोडल्या दिवशीच ती जुन्या जागेच्या शोधात निघते. दार उघडल्यानंतरही खाणं त्याच जागी, त्याच वेळी ठेवत राहायचं, आणि ते कोण ठेवणार हे तिला तिथे नेण्याआधी ठरलेलं असावं.